बहुमतात हरवलेले बाबा

(तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान, लेखी रूपात थोडं आटोपशीर करून.)

मंडळी, नमस्कार. मघाशी ओळख करून देताना मला ‘फोटोचं पेंटिंग करून देणारे सर’ म्हटलं गेलं, तेव्हा मागच्या रांगेतून आवाज आला, “म्हंजे बटन दाबाचं नं?” ज्यानं कोणी विचारलं त्याचे आभार. आज मी त्या बटणाबद्दलच बोलणार आहे, कारण त्यानं एकदा माझी चांगलीच फजिती केली होती.

सात-आठ वर्षं झाली. माझ्या स्टुडिओत एक ओळखीचे गृहस्थ आले. संत्र्याचा बगीचा आहे त्यांचा. वडील जाऊन वर्ष व्हायचं होतं, आणि वर्षश्राद्धाला त्यांचा एक फोटो मोठा करून, ‘हातानं काढल्यासारखा’ करून पाहिजे होता. फोटो चिखलदऱ्याचा. पावसाळ्यात सगळं घर गाडी करून गेलं होतं, तेव्हा पंचबोल पॉइंटवर काढलेला. तुम्हाला ती जागा माहीत आहे. हाक मारली की दरी पाच वेळा उत्तर देते म्हणतात. खाली दरी, दरीतून वर येणारं धुकं, डावीकडे हिरवा कडा, आणि कड्याच्या टोकाशी पाठमोरे बाबा. पांढरा सदरा, पांढरं धोतर. माणूस फोटोत नखाएवढाही नाही. पण फोटो बघितला की नजर बरोबर तिथंच जायची.

मी त्या वेळी नवीन नवीन गिम्प शिकलो होतो. फोटोवर काम करायचं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे, आजही मी तेच वापरतो. त्यात ‘ऑइलिफाय’ नावाचा फिल्टर आहे, म्हणजे फोटोला तैलचित्रासारखं रूप देणारं बटण. लावला. काय सुंदर झालं म्हणता! दरी मऊ झाली, कड्यावरचं गवत ब्रशनं थापल्यासारखं दिसायला लागलं. कॅनव्हासवर प्रिंट काढली, चौकट बसवली, गिऱ्हाइकाला बोलावलं. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “सर, सारं मस्त हाये. पण आमचे बाबा कुठी गेले?”

मी वाकून पाहिलं. बाबा नव्हते. जिथं बाबा उभे होते तिथं धुकं होतं.

पैसे घेतले नाहीत, ते सोडा. पण रात्री झोप आली नाही. मी तर काही खोडलं नव्हतं, मग माणूस गेला कुठं? त्या शोधात मला जे कळलं ते इथं सांगतो, कारण ते कळलं की निम्मं शिक्षण झालं समजा.

फोटो म्हणजे बारीक चौकोनी ठिपके, पिक्सेल. ऑइलिफाय काय करतो, तर प्रत्येक ठिपक्यापाशी जातो आणि त्याच्याभोवती एक चौकोन आखतो. समजा १५ बाय १५ ठिपक्यांचा. म्हणजे २२५ ठिपके. त्या २२५ जणांत उजेडाची कोणती छटा सगळ्यात जास्त जणांची आहे, ते मोजतो. जी छटा जास्त, तीच मधल्या ठिपक्याला देऊन टाकतो. मग पुढच्या ठिपक्याकडे, पुन्हा मोजणी. लाखो वेळा. शेजारशेजारच्या ठिपक्यांचे चौकोन जवळजवळ सारखेच असल्यामुळे त्यांचा निकालही सारखाच लागतो, आणि त्यातून एकाच रंगाचे थापे तयार होतात. तेच आपल्याला ब्रशचे फटकारे वाटतात. सरपंच ताई हसताहेत! हो, ही निवडणूकच आहे. ज्याचे ठिपके जास्त, त्याची सत्ता. वॉर्डात ज्यांची चार घरं, त्यांचा रंग पुसला जातो.

आता बाबांचा हिशेब करा. गिऱ्हाइकानं फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला होता. व्हॉट्सॲपनं तो दाबून छोटा केला, माझ्याकडे आला तेव्हा रुंदी जेमतेम १२०० ठिपके होती. त्यात बाबांची उंची १४ आणि रुंदी ४ ठिपके. मी मोजली, नंतर. २२५ च्या चौकोनात बाबांची मतं पन्नाससाठ. बाकी सगळं धुकं, आणि धुकं एकजात एकाच छटेचं, म्हणजे त्यांच्यात फूटही नाही. बाबा पडले.

मग मी त्यांच्याकडून मुलाच्या मोबाइलमधली मूळ फाइल मागवली. ती ४००० ठिपके रुंद निघाली. तिच्यात बाबांची रुंदी १३ झाली. तोच फिल्टर, तोच १५ चा चौकोन, आणि या वेळी मधोमध बाबांची मतं २२५ पैकी १९५! बाबा ठणठणीत उभे. आता बाकीच्या चित्राला मात्र त्या आकाराचा ब्रश फारच बारीक पडला, पेंटिंग वाटेना. पण माणूस परत आला होता.

म्हणून हा पहिला धडा पोरांनी वहीत लिहून घ्या: फिल्टरमधला आकडा एकटा काही सांगत नाही, फोटोच्या आकाराशी तो ताडून पाहावा लागतो. आधी प्रिंट केवढी काढायची ते ठरवा. चांगल्या प्रिंटला इंचाला ३०० ठिपके धरतात, म्हणजे ४००० बाय ३००० च्या फोटोतून साधारण १३ बाय १० इंचांचं चित्र निघतं. ते ठरलं की मग फिल्टर. आणि फोटो व्हॉट्सॲपवर मागवताना डॉक्युमेंट म्हणून मागवा, किंवा सरळ केबल लावून घ्या.

सगळे फिल्टर असे मोजणीवाले नसतात बरं का. एक मला फार आवडतो. १९७६ मध्ये जपानात कुवाहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो काढला, आणि कशासाठी, तर हृदयाच्या वैद्यकीय चित्रांमधला दाणेदारपणा घालवण्यासाठी! चित्रकलेचा काही संबंध नाही. तो ठिपक्याभोवतीच्या चौकोनाचे चार वाटे करतो आणि कोणत्या वाट्यात रंगांची भांडणं सगळ्यात कमी आहेत ते बघतो. जो वाटा शांत, त्याची सरासरी घेतो. त्यामुळे कड्याची धार शाबूत राहते आणि आतला पसारा तेवढा निवतो. डॉक्टरांसाठी काढलेली युक्ती पुढं चित्रासारखा परिणाम साधणाऱ्यांनी उचलली. फोटोशॉपमध्येही २०१२ च्या सीएस६ पासून ‘ऑइल पेंट’ आला, तो फटकारे आकाराच्या वळणानं वळवतो आणि रंगाच्या थरावर खोटा उजेडही पाडतो. दिसायला फार देखणा. इतका देखणा की सगळ्यांचे फोटो एकाच माणसानं रंगवल्यासारखे दिसतात. मला तो दोन दिवसांत कंटाळवाणा झाला, हे माझं मत.

पण कोणताही घ्या, त्यांतल्या एकालाही बाबा कोण ते माहीत नाही. आणि आपण फिरायला जाऊन फोटो काढतो तेव्हा जे पाहायला गेलो ते फोटोत बहुतेक वेळा अल्पमतातच असतं. मेळघाटात रस्त्याच्या कडेला उभा गवा, भीमकुंडाची दुरून दिसणारी पांढरी रेघ, गाविलगडाच्या तटावरची एक कमान. बाकी सगळं फोटोभर आभाळ आणि झाडोरा.

माझे उस्ताद तालुक्याच्या स्टुडिओत काळे-पांढरे फोटो हातानं रंगवायचे. रंगीत फिल्म महाग होती तो काळ. लग्नाचा फोटो यायचा, उस्ताद कापसाच्या बोळ्यानं मागचा पडदा आणि साडीचं अंग असं एका दमात फिरवून टाकायचे, बघतच नसत फारसं. मग खुर्ची पुढं ओढायची, चश्मा लावायचा आणि दोन केसांचा ब्रश घ्यायचा. ओठ, बांगड्या, साडीचा काठ, शेवटी नथीतला खडा. अख्ख्या फोटोला दहा मिनिटं, आणि नथीला अर्धा तास. त्या वेळी मला वाटायचं, म्हातारा उगाच वेळ काढतो.

तर आता ती नथ संगणकावर कशी रंगवायची? लेयरनं. एका फोटोच्या तीन प्रती एकावर एक ठेवा. सगळ्यात खालची मोठ्या चौकोनानं फिल्टर करा, आभाळ आणि लांबचे डोंगर तिच्यातले घ्यायचे. मधली मध्यम, झाडं आणि जवळचा कडा तिच्यातला. सगळ्यात वरची जवळजवळ आहे तशी, तिच्यात बाबा. आता वरच्या दोन्ही प्रतींना मास्क लावा. मास्क म्हणजे झाकण: काळ्यानं रंगवलं तिथं झाकलं जातं, पांढऱ्यानं रंगवलं तिथं उघडं. आधी सगळं काळं करायचं, आणि मग ज्याला वाचवायचं त्याच्यावरून पांढरा ब्रश फिरवायचा. बाबांना मी असं वाचवलं. कडेला ब्रश मऊ ठेवा, नाहीतर माणूस कात्रीनं कापून चिकटवल्यासारखा दिसतो. माझा पहिल्यांदा तसाच दिसला होता.

ज्यांचं गिम्प जुनं आहे त्यांनी दर पायरीला वेगळ्या नावानं फाइल जपून ठेवावी, कारण जुन्यात फिल्टर लागला की चित्रात मुरतो. २०२५ मध्ये आलेल्या ३.० पासून तो लेयरवर अंगरख्यासारखा राहतो, नंतर काढता येतो, आकडा बदलता येतो.

एवढं झाल्यावर मी क्रिता उघडतो. चित्र काढायचं सॉफ्टवेअर, तेही फुकट आहे. इथं खरंच हातानं ब्रश फिरवायचा असतो, आणि बटणवाल्या मंडळींची इथं पांगापांग होते. रंग खालच्या फोटोतूनच उचलायचा, फटकारा मात्र आपला. पाण्याला आडवा, गवताला खालून वर, डोंगराला उतारानं. ज्यानं वावरात डवरा धरलाय त्याला हे शिकवावं लागत नाही, जमिनीचा उतार त्याच्या हाताला आधीच माहीत असतो. पेन टॅबलेट असला तर बरं, नसला तर माउसनं मोठे फटकारे तरी जमतात.

रंगांचं एक सांगतो. मोबाइल सावलीला काळी करून टाकतो. पण आपल्या उन्हात सावली काळी असते का? फ्रान्समध्ये मोने नावाचे चित्रकार होते. १८९० ते ९१ च्या दरम्यान त्यांनी घराजवळच्या शेतातल्या गव्हाच्या गंज्या काढल्या, त्याच त्या, जवळजवळ पंचवीस चित्रं. सकाळी, संध्याकाळी, बर्फात. बघाल तर सावल्या निळ्या, जांभळ्या. मी ते छापील पुस्तकात पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धुऱ्यावर जाऊन कडब्याच्या गंजीची सावली पाहिली. निळीच होती! पन्नास वर्षं तिच्या शेजारून गेलो होतो. तेव्हापासून फिल्टर लावायच्या आधी मी सावल्या थोड्या उजळतो आणि त्यांत निळा घालतो. लांबच्या डोंगरांचंही तसंच, जितका लांब तितका फिका आणि निळसर.

पण रंगाचा हात मोकळा सोडला की काय होतं तेही ऐका. जून २०२० मध्ये लोणारचं तळं गुलाबी झालं. उल्कापातानं झालेलं, १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, आणि त्यातलं खारं पाणी एकदम गुलाबी. पुण्याच्या आघारकर संस्थेनं नमुने तपासले. पाणी आटून खारटपणा वाढला आणि त्यात वाढणाऱ्या मिठात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला होता. गंमत अशी की ज्यांचे फोटो खरे होते त्यांना लोक म्हणाले, एडिट केलंय. आणि ज्यांनी रंगाची पट्टी उजवीकडे ओढून पाणी भडक केलं होतं त्यांना वाहवा मिळाली. तेव्हापासून माझा एक नेम आहे. चित्र म्हणून विकलं तर कोपऱ्यात सही करतो. फोटो म्हणून दिलं तर रंगाला हात लावत नाही.

आता तुम्ही विचारालच, मोबाइलमध्ये एआय आहे, ते काय वाईट? २०१५ मध्ये जर्मनीत ट्यूबिंगेनच्या गॅटिस, एकर आणि बेथगे या संशोधकांनी हे दाखवलं. एक फोटो द्यायचा, एक चित्र द्यायचं, आणि फोटो त्या चित्राच्या ढंगात बाहेर येतो. त्यांनी आपल्याच गावच्या नदीकाठच्या घरांचा फोटो घेऊन व्हॅन गॉग या चित्रकाराच्या ढंगात काढला होता. पुढच्याच वर्षी प्रिझ्मा ॲप आलं आणि सगळ्यांच्या हातात ते खेळणं गेलं. मीही पंचबोलचा फोटो त्यात टाकून पाहिला. आभाळात भोवरे फिरायला लागले, कडा पेटल्यासारखा झाला, आणि बाबांच्या जागी एक पिवळा वेटोळा. झकास वेटोळा होता, नाही म्हणत नाही.

त्या गृहस्थांची दुसरी प्रिंट वर्षश्राद्धाच्या आदल्या रात्री दिली. पाऊस होता, पॉलिथिनमध्ये गुंडाळून मोटारसायकलवर नेली. आई दारात बसल्या होत्या. त्यांनी चित्र हातात धरलं, डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाल्या, “सदरा एवढा पांढरा नोता रे. नीळ जास्त व्हायची माह्या हातानं.” मी तिथंच लॅपटॉप उघडून पाहिलं. मूळ फोटोत सदरा खरंच निळसर होता. पांढरा मी केला होता, धुक्यातून उठून दिसावा म्हणून.

तिसरी प्रिंट काढावी लागली.

बरं, लॅपटॉपची बॅटरी तासभर पुरेल आणि आठ वाजता लाइट जाते. ज्यांनी फोटो आणलेत त्यांनी पुढं या. आधी ती मुलगी येऊ दे, पळसाचा फोटो आहे म्हणाली ना? काय गं, मूळ फाइल आहे की व्हॉट्सॲपवरची?