एक नाव, तीन बाळाजी

भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ १७२० च्या एप्रिलमध्ये वारले. त्याच वर्षी डिसेंबरात बाजीरावांना मुलगा झाला आणि त्याला आजोबांचं नाव मिळालं. आता सासऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं कसं? म्हणून अशा नातवाला घरात नाना, तात्या, आबा म्हणायची रीत. हा बाळाजी नानासाहेब झाला.

बाळाजी विश्वनाथांबरोबर कोकणातून आलेलं भानू घराणं. तिथेही १७४२ मध्ये नातवाला आजोबांचंच नाव ठेवलं, बाळाजी. हेच नाना फडणवीस. आणि १८५७ चे नानासाहेब? ते धोंडोपंत, दुसऱ्या बाजीरावांचे दत्तक पुत्र. दोन्ही बाळाजी-नानांना वेगळं करतं ते वडिलांचं नाव : बाळाजी बाजीराव आणि बाळाजी जनार्दन.

आपल्या घराण्याची वंशावळ लावताना मात्र तेवढ्यानंही भागत नाही. समजा, राणोजीचा संताजी, संताजीचा राणोजी, त्याचा पुन्हा संताजी. मोडी कागदात ‘संताजी बिन राणोजी’, म्हणजे राणोजीचा मुलगा संताजी, दोनदा येणार. एक आजोबा, एक नातू. इथे नावाला चिकटून बसू नका, त्याच्या भोवतीची माणसं बघा. ‘सगुणाबाई कोम (म्हणजे बायको) संताजी’ अशी बायकोच्या नावाची एक ओळ सापडली, तरी पिढी पक्की व्हायला मोठा आधार मिळतो. भाऊबंद कोण, जमीन कुठली, तेही जुळवा. कागदावरचं वर्ष इसवी सनात आणायला, शक असेल तर ७८ मिळवा, फसली (महसुली) सन असेल तर ५९०. वर्ष दोन्हींत एखाद्यानं पुढेमागे होईल.

वारसाचा फेरफार, म्हणजे मयताच्या जमिनीवर वारसांची नावं लावल्याची नोंद, हाती लागला तर फारच उत्तम. मयत कोण, मागे मुलं कोण, सारं एकाच नोंदीत. पण फेरफाराची तारीख ही मृत्यूची तारीख समजू नका. वारस लावायचं काम वर्षानुवर्षं रेंगाळत असे.

एखादी नोंद कोणत्या संताजीची हे ठरत नसेल, तर ती वंशावळीत घुसडू नका, बाजूला ठेवा. पुढची पिढी तुमचाच तक्ता पुरावा म्हणून काढणार आहे.

आणि त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांकडे जरूर जा. त्यांच्या वह्यांत यात्रेकरूनं स्वतःबरोबर बाप, आजा, भाऊ, मुलं यांची नावं लिहून ठेवलेली सापडतात. आजा, बाप आणि मुलगा एकाच पानावर आले की दोन संताजी आपोआप सुटे होतात. मात्र विचारताना आधी आडनाव आणि मूळ गाव सांगा. वही त्यावरूनच निघते.