शेवाळ, उंदीर आणि मूत्रपिंडातला केस

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली पोहणाऱ्या हिरव्या पेशी)

हे क्लॅमिडोमोनास. तळ्यात, ओल्या मातीत वाढणारं एकपेशीय शेवाळ. पुढच्या टोकाला दोन कशाभिका, म्हणजे चाबकासारखे हलणारे बारीक केस, त्यांच्या जोरावर ते पोहतं. १९९३ साली येल विद्यापीठात जोएल रोझेनबाऊम यांच्या प्रयोगशाळेत दिसलं, की कशाभिकेच्या आत प्रथिनांची सारखी ने-आण चालू असते. ही ने-आण बंद पडली, तर कशाभिका उभीच राहत नाही.

इथवर मूत्रपिंडाचं नावही नव्हतं.

२००० साली ग्रेगरी पाझूर आणि सहकाऱ्यांनी या वाहतुकीतल्या एका प्रथिनाचं जनुक उंदराच्या जनुकांशी ताडून पाहिलं. जुळणारं जनुक ओळखीचंच निघालं. ते बिघडलं की उंदराच्या मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होतात. त्या उंदरांच्या मूत्रपिंडातल्या नलिका तपासल्या, तर पेशींवरचे सिलिया, म्हणजे कशाभिकेसारखेच बारीक केस, खुरटलेले.

(दृश्य: नलिकेचा आतला भाग, प्रत्येक पेशीवर एकच बारीक केस)

असा एक केस म्हणजे सिलियम. शरीररचनाशास्त्रज्ञ झिमरमान यांनी तो १८९८ सालीच पाहिला होता. पण हलत नाही, काही करताना दिसत नाही, म्हणून पुढची कित्येक दशकं त्याच्याकडे फारसं कुणी फिरकलं नाही.

पॉलिसिस्टिक किडनी, म्हणजे माणसाच्या मूत्रपिंडात अशा गाठी होण्याचा आजार, घराण्यात चालत येतो. आई किंवा वडिलांना असेल, तर प्रत्येक मुलाला होण्याची शक्यता निम्मी. त्यात बिघडणारी पॉलिसिस्टिन प्रथिनं याच केसावर सापडली. २००१ मध्ये प्रेटोरियस आणि स्प्रिंग यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडातून वाढवलेल्या पेशी घेतल्या आणि काचेच्या बारीक नळीने एकेक सिलियम वाकवला. पेशीत कॅल्शियम वाढलं, मग शेजारच्या पेशींतही. म्हणजे हा केस मूत्राचा प्रवाह ओळखतो!

गोष्ट जरा जास्तच नेटकी होती. २०१६ मध्ये दुसऱ्या एका गटाने थेट सिलियमच्या आतलं कॅल्शियम मोजलं. वाकवूनही ते वाढलं नाही. त्याआधी, २०१३ साली, आणखी चक्रावणारा निकाल आला होता. पॉलिसिस्टिन नसलेल्या उंदरांचे सिलियाही काढून टाकले, तर गाठी वाढायच्या मंदावल्या. म्हणजे पेशींना वाढायला लावणारा संदेश सिलियममधूनच निघतो आणि पॉलिसिस्टिन त्याला आवर घालतं, असा अर्थ लावला जातो.

तो संदेश अडवणारं औषध अजून नाही. अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळालेलं टॉल्व्हॅप्टन वेगळ्या वाटेने जातं. ते व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकाला रोखतं. मूत्रपिंड निकामी होण्याचा वेग कमी होतो, पण रुग्णाला सारखी तहान लागते, रात्री उठउठून लघवीला जावं लागतं आणि यकृताच्या तपासण्या नियमित कराव्या लागतात.