गांडुळाला नाक नसतं

कणा नसलेल्या माणसाला आपण गांडूळ म्हणतो. अध्यक्षांनी आत्ता 'गांडुळांवर बोलणारे' अशी माझी ओळख करून दिली तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी हसलं, ते यामुळेच. हसा. पण बिनकण्याच्या त्या प्राण्याला नाकही नाही, त्यामुळे तो नाकाने कांदे सोलत नाही, एवढं तरी त्याच्या बाजूने बोला.

माझा त्याच्याशी संबंध एका खुनाने सुरू झाला. सात वर्षांचा असेन. रात्रभर पाऊस झाला आणि सकाळी पायऱ्यांवर गांडुळंच गांडुळं. 'भिजलेत बिचारे,' म्हणून मी घरातला सगळ्यात मऊ टॉवेल आणला. एकेकाला अलगद टिपलं, वर्तमानपत्रावर ओळीने मांडलं आणि उन्हात ठेवलं. मला वाटलं, शेकतील. तासाभराने पाहतो तर वाळलेल्या सुतळीचे तुकडे! मार पडला, पण तो टॉवेलसाठी. गांडुळांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, ही माझी तक्रार आजही कायम आहे. शाळेत विचारलं, तर उत्तर मिळालं, 'गांडूळ शेतकऱ्याचा मित्र आहे, लिहून घ्या.' अहो, मित्र मेला कशाने ते सांगा की!

तर मी त्यांची नाकं दाबली होती. गांडुळाला फुप्फुसं नाहीत, कल्लेही नाहीत. ते सगळ्या कातडीने श्वास घेतं. अंगावरच्या बुळबुळीत थरात हवेतला ऑक्सिजन विरघळतो आणि कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्यांत उतरतो. हिमोग्लोबिन त्यालाही आहे, फक्त ते तांबड्या पेशींत नसून थेट रक्तद्रवात विरघळलेलं असतं. कातडी ओली राहावी म्हणून पाठीवरच्या छिद्रांतून अंगातला द्रव झिरपतो. ज्याला आपण शिसारीने 'बुळबुळीत' म्हणतो, तोच त्याचा श्वास. आणि तोच मी पुसला.

मग पावसात ती वर का येतात? 'बुडतात म्हणून' हे उत्तर अर्धवट आहे. पाण्यात हवा मिसळलेली असेल तर गांडूळ त्यात कित्येक दिवस जगतं. पण हवेच्या तुलनेत पाण्यातून ऑक्सिजन सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. चिखलातला ऑक्सिजन मुळं आणि जिवाणू संपवतात, नवा पोचत नाही. शिवाय जमीन ओली असली की अंग न वाळता लांबचा प्रवास करता येतो. कारण प्रत्येक जातीचं वेगळं असणार. माझ्या टॉवेलखाली कोणती जात होती, हे आता कोण सांगणार?

चिठ्ठी आली. पाच मिनिटं म्हणे! जाहीर केलेला विषय 'गांडूळ आणि माती' होता, नाही का? मग धावतो.

मला एवढंच म्हणायचंय की गांडुळाला मातीत हवा लागते आणि ती हवा तेच खेळती ठेवतं. त्याच्या बिळांतून पाणी मुरतं, मुळं उतरतात; आणि श्वास मुळांनाही लागतोच. माती खाऊन ते जी विष्ठा टाकतं, तिच्यात पिकाला घेता येईल असं नत्र आणि स्फुरद भोवतालच्या मातीपेक्षा जास्त असतं. डार्विनने 1842 मध्ये एका कुरणावर खडूचा चुरा पसरला आणि 1871 मध्ये खणून पाहिलं, तर तो थर सात इंच खाली गेला होता. गांडुळं वर माती आणत राहिली होती. एकरी वर्षाला दहा टनांहून जास्त माती, असा त्याचा अंदाज. हे सगळं त्याने गांडुळांवरच्या पुस्तकात लिहिलंय; ते पुस्तक 1881 चं, त्याचं शेवटचं. त्यात त्याने गांडुळांना पियानोही ऐकवलाय. आवाज कळला नाही, पण कुंडी पियानोवर ठेवल्यावर कंप कळला. असो, वेळ नाही.

'मित्र' सगळीकडेच नाही, हेही सांगतो. उत्तर अमेरिकेत हिमयुगानंतर जी जंगलं गांडुळांविना वाढली, तिथे बाहेरून आलेल्या गांडुळांनी पाचोळ्याचा थर फस्त करून रोपट्यांचे हाल केलेत.

आता प्रश्न. पहिला मला पाठ आहे, म्हणून आधीच सांगतो: कापल्यावर दोन होत नाहीत. डोक्याकडचा भाग पुरेसा लांब असेल, तर तो कधीकधी जगतो. शेपटीकडचा थोडा वेळ वळवळतो, इतकंच.