लक्ष जातं आणि लक्ष द्यावं लागतं

(कॅमेऱ्यासमोर खुर्ची. हातात पाण्याची रिकामी बाटली.)

ही बाटली बघा. साधी, एक लिटरची, झाकणाला चीर गेलेली. गेली नऊ वर्षं ही रात्री माझ्या उशाशी असते आणि भरलेली असते. मला रात्री दोन-तीनच्या सुमाराला घसा कोरडा पडून जाग येते. डोळे न उघडता हात लांब करायचा, दोन घोट प्यायचे, कूस बदलायची.

मागच्या महिन्यात नवरा चार दिवस बाहेरगावी होता. पहिल्याच रात्री हात लांब केला तर बाटली हलकी लागली. रिकामी. अर्धवट झोपेत डोक्यात आलेला पहिला विचार सांगू? 'आज बाटलीला काय झालं?' बाटलीला! म्हणजे इतकी वर्षं ती आपोआप भरते अशीच माझी समजूत असणार. समजूत तरी कसली, त्यासाठी आधी कधीतरी विचार करावा लागतो. नऊ वर्षांच्या तीन हजारांवर रात्री होतात. आणि त्याच संध्याकाळी फोनवर मी त्याला ऐकवलं होतं, "या घरात सगळं मलाच बघावं लागतं."

नमस्कार मंडळी. आज प्रेम, लग्न आणि ही दोन्ही टिकतात कशी, यावर बोलायचंय. लग्न झालेल्यांनी शेजारी कोण बसलंय ते बघून आवाज कमी-जास्त करा.

सुरुवात आपल्या भाषेपासूनच करते. मराठीत प्रेम बसतं, प्रेम जडतं, माणूस प्रेमात पडतो. यातल्या एकाही क्रियापदात आपला हात नाही. धूळ बसते, आजार जडतो, पाऊस पडतो, तसंच हे. संसार मात्र करावा लागतो. तो कुणावर बसत नाही आणि त्यात कुणी पडत नाही. मोडतो मात्र आपला आपण!

लक्षाचंही तसंच आहे. एखाद्याकडे लक्ष जातं आणि एखाद्याकडे लक्ष द्यावं लागतं. प्रेमाची सुरुवात पहिल्या प्रकारात होते. पुढची सगळी वर्षं दुसऱ्या प्रकारात काढायची असतात, आणि हा बदल होताना आपल्याला कुणी सांगत नाही.

हे लक्ष जाणं किती टोकाचं असतं बघा. इटलीतल्या पिसा विद्यापीठात डोनाटेला माराझिती यांनी 1999 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. नुकतीच प्रेमात पडलेली 20 माणसं घेतली. अट अशी की प्रेम सहा महिन्यांच्या आतलं हवं आणि दिवसातले किमान चार तास डोक्यात तीच व्यक्ती हवी. चार तास! रक्तातल्या प्लेटलेट्समधलं, सेरोटोनिन या मनःस्थितीशी जोडलेल्या रसायनाशी संबंधित एक प्रथिन मोजलं. ते या प्रेमिकांमध्ये कमी निघालं, आणि तितकंच कमी ते मंत्रचळाच्या रुग्णांमध्येही निघालं. मंत्रचळ म्हणजे कुलूप लावलं की नाही हे दहादा जाऊन बघणं वगैरे. साल-दीड सालाने त्यातल्या काही प्रेमिकांना पुन्हा तपासलं तर प्रमाण इतर माणसांसारखं झालेलं.

अभ्यास छोटा आहे, त्यावर फार मोठा इमला बांधू नका. पण अनुभवाशी जुळतो की नाही? सुरुवातीला त्याने कुठल्या रंगाचा शर्ट घातला होता ते आठवडाभर लक्षात असतं. दोन वर्षांनी तो दाढी काढून समोर उभा राहतो आणि आपण विचारतो, "किल्ल्या घेतल्यास?" मग कुणीतरी म्हणतं, 'पूर्वीसारखं राहिलं नाही रे.' नाहीच राहत. त्या चार तासांवर कुणाचं पोट भरलं असतं? पूर्वीसारखं राहिलं नाही आणि प्रेम राहिलं नाही, ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि पुष्कळ जोडपी पहिलं बोलता बोलता दुसऱ्यावर येतात.

उलट बाजूही सांगते. बियांका असेवेडो, आर्थर अ‍ॅरन वगैरे संशोधक मंडळींनी सरासरी 21 वर्षं लग्न झालेल्या 17 जणांच्या मेंदूचे स्कॅन केले. जोडीदारावर आजही मनापासून प्रेम आहे असं सांगणारी ही माणसं होती. जोडीदाराचा फोटो दाखवल्यावर मेंदूतले बक्षिसाच्या ओढीशी जोडलेले भाग, जे नव्या प्रेमात चेतवले जातात, ते यांच्यातही चेतवले गेले. नव्या प्रेमातली ती धाकधूक, ती 'मेसेज बघितला पण उत्तर नाही'वाली तगमग मात्र दिसली नाही. म्हणजे निदान काहींच्या बाबतीत ओढ राहते आणि चळ तेवढा उतरतो. ऐकायला तरी बरं वाटतं.

(बाटली समोर टेबलावर ठेवत)

आता परत हिच्याकडे. 'सगळं मीच करते' हे वाक्य मी इतक्या खात्रीने कसं म्हणाले?

1979 साली मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या दोन मानसशास्त्रज्ञांनी नवरा-बायकोला वेगवेगळं बसवून विचारलं की घरातल्या अमुक कामात तुमचा वाटा किती. दोघांची उत्तरं मिळवली तर बहुतेक कामांची बेरीज शंभर टक्क्यांच्या वर गेली. तुम्ही म्हणाल, फुशारकी. पण त्यांनी 'भांडण उकरून कोण काढतं' हेही विचारलं होतं, आणि तिथेही माणसं स्वतःचा वाटा जास्तच धरत होती. तेव्हा हा प्रकार फुशारकीपेक्षा साधा आहे. मी केलेल्या प्रत्येक कामाला मी हजर होते. त्याने केलेल्या निम्म्या कामांच्या वेळी मी झोपलेली होते.

याहून टोचणारा एक अभ्यास 1980 चा आहे. रॉबिन्सन आणि प्राइस या दोघांचा. जोडप्यांच्या घरी निरीक्षक बसवले, जोडीदाराने केलेल्या सुखावणाऱ्या गोष्टी त्यांनी मोजल्या आणि जोडप्यांनाही मोजायला सांगितल्या. ज्यांचं बरं चाललं होतं त्यांचा आकडा निरीक्षकांच्या जवळ आला. ज्यांचं बिनसलं होतं त्यांनी साधारण निम्म्या गोष्टी टिपल्याच नाहीत. गोष्टी घडल्या होत्या. समोर घडल्या होत्या.

बाटलीनंतर आम्ही घरी एक उद्योग केला. दोघांनी एकेक कागद घेतला आणि आठवडाभर समोरचा काय करतो तेवढंच लिहायचं ठरवलं. स्वतःचं काही लिहायचं नाही. पहिले दोन दिवस माझा कागद कोराच होता आणि मला त्यात थोडा आनंदही होत होता, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या दिवसापासून दिसायला लागलं. माझ्या गाडीच्या टायरमधली हवा. बाथरूमचं तुंबणारं भोक. मी ऑनलाइन मीटिंगला बसले की बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीचा आवाज कमी होतो, तो कुणी कमी करतं म्हणून.

त्याच्या कागदावर एक ओळ होती: 'मी चिडलेला असलो की ही दहा मिनिटं मला काही विचारत नाही.' मी वाचून गप्प. मंडळी, ती दहा मिनिटं मी फुगून बसलेली असते! त्याला तो समंजसपणा वाटत होता. मी अजून खुलासा केलेला नाही. हा व्हिडिओ तो बघेलच.

आणि हो, हे ऐकून कुणी बायकोसमोर जाऊन 'बघ, मीही बाटली भरतो' असं मिरवू नका. बाटली भरणं म्हणजे अर्धं घर चालवणं नव्हे. कागद शेजारी ठेवले तेव्हा आमच्याकडेही काम माझ्याच अंगावर जास्त आहे असं निघालं. त्यावर वेगळं बोलणं झालं आणि ते काही गोड नव्हतं. फक्त मी धरून चालले होते तेवढा फरक निघाला नाही.

लक्ष देणं सुटतं याचं आणखी एक कारण म्हणजे, आपल्याला वाटतं आता याला काय बघायचं, हा तर पाठच आहे. 2011 मध्ये सॅवित्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक गंमत तपासली. दोन अर्थ निघतील अशी वाक्यं एकाने बोलायची आणि ऐकणाऱ्याने त्यातला नेमका अर्थ ओळखायचा. ऐकणारा एकदा जोडीदार, एकदा अनोळखी माणूस. ओळखण्यात जोडीदार अनोळखी माणसापेक्षा सरस ठरले नाहीत. बोलणाऱ्याला मात्र खात्री, की माझ्या माणसाला कळलंच असणार.

आपल्याकडे यासाठी प्रयोगशाळा कशाला हवी, 'बघू' हा एक शब्द पुरे. मी 'बघू' म्हणते तेव्हा त्याचा अर्थ 'नाही' असतो, फक्त वाईटपणा नको असतो. तो 'बघू' म्हणतो तेव्हा खरंच बघणार असतो. हे मला लग्नानंतर सहा वर्षांनी कळलं. मधल्या काळात मी किती गोष्टींवर पाणी सोडलं आणि तो बिचारा किती गोष्टींची वाट बघत बसला, देव जाणे.

(उजवीकडे बघत)

एक मिनिट. आतून "अगं, इकडे ये, पटकन बघ" असा आवाज आला, तुम्हालाही ऐकू गेला असेल. शूटिंग चालू आहे रे! दहा मिनिटांत येते!

काय सांगत होते? हां. योगायोग बघा, नेमका इथेच जॉन गॉटमन या मानसशास्त्रज्ञांचा विषय यायचा होता. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी एक फ्लॅटसारखी प्रयोगशाळा केली होती. नवविवाहित जोडपी तिथे दिवसभर राहायची आणि कॅमेरे बघत असायचे. कुणी म्हणतं, 'हे ऐक ना', कुणी नुसता सुस्कारा टाकतं. समोरचा प्रतिसाद देतो, किंवा 'हं' करून फोनमध्येच राहतो, किंवा 'आता काय?' म्हणून खेकसतो. सहा वर्षांनी पुन्हा चौकशी केली. गॉटमन यांनी दिलेले आकडे असे: एकत्र राहिलेल्या जोडप्यांनी अशा हाकांना 86 टक्के वेळा प्रतिसाद दिला होता, वेगळे झालेल्यांनी 33 टक्के वेळा.

या आकड्यावरून 'प्रतिसाद वाढवा, घटस्फोट टळेल' असं म्हणता येत नाही. बिनसलेलं असेल तर प्रतिसाद आधीच कमी झालेला असू शकतो. मला त्यातला वरचा आकडा जास्त आवडतो. टिकलेल्या जोडप्यांनीसुद्धा शंभरातल्या चौदा हाका वाया घालवल्या होत्या.

(नजर पुन्हा उजवीकडे)

त्या चौदांतली एक मी आत्ता कॅमेऱ्यासमोर घालवली. असो.

आता बांधिलकीबद्दल. इथे मला एक गोष्ट खटकते. 'पन्नास वर्षं संसार केला' म्हटलं की आपण टाळ्या वाजवतो. आतून तो कसा होता ते विचारत नाही. कॅरिल रसबल्ट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1980 च्या सुमाराला याची उकल मांडली. माणूस नात्यात राहतो तो तीन कारणांनी: त्यात समाधान किती, बाहेर पर्याय काय, आणि आजवर ओतलंय किती. वर्षं, मुलं, घर, दोघांचे मित्र. यातलं पहिलं कारण शून्यावर आलं तरी उरलेल्या दोघांच्या जोरावर नातं चालू राहू शकतं. पुढे 1995 मध्ये त्यांनी मारहाणीला कंटाळून आधारगृहात आलेल्या स्त्रियांचा अभ्यास केला. ज्यांना पर्याय कमी होते आणि ज्यांचं नात्यात जास्त ओतलेलं होतं, त्या परत जाण्याची शक्यता जास्त होती.

म्हणून नुसत्या टिकण्याचे गोडवे मी गाणार नाही. जिथे हात उगारला जातो, जिथे रोज पायरी दाखवली जाते, तिथे 'तूच जरा लक्ष दे' हा सल्ला म्हणजे क्रूरपणा आहे. तिथून बाहेर पडणाऱ्या माणसाला मदत लागते, कागद-पेन्सिल नाही.

बाकी जिथे साधंच काहीतरी कोमेजलंय, तिथे वचन या गोष्टीचा मी वेगळा विचार करते. लग्नात आपण म्हणतो, 'कायम प्रेम करीन'. आता ते बसणारं, जडणारं प्रेम माझ्या हातात नसेल तर त्याचं वचन मी कशाच्या जोरावर देते? उद्या कशावर हसू येईल याचं वचन देण्यासारखंच ते. पण हाक आली तर वळून बघीन, कंटाळा आला असेल तेव्हाही बघीन, हे माझ्या हातात आहे. ते मी मोडलं तर मोडलं असं कुणी मला तोंडावर म्हणू शकतं. आमच्या लग्नात आम्ही पहिल्या प्रकारचं वचन दिलं. दुसऱ्या प्रकारचं द्यायचं राहूनच गेलं, आणि आता नऊ वर्षांनी त्यासाठी पाहुणे कुठे गोळा करायचे?

थांबा, आत जाऊन येते. कॅमेरा चालूच ठेवते.

(खुर्ची रिकामी. टेबलावर बाटली. साधारण अर्धा मिनिट.)

आले. खिडकीपाशी उभा होता. विचारलं, काय दाखवत होतास? म्हणाला, "काही नाही, होतं काहीतरी. आता गेलं."

मी विचारलं, काय होतं ते तरी सांग. तर म्हणाला, "बघू."

(बाटली उचलून कॅमेरा बंद करते.)