कान तापतात तेव्हा

मंडळी, संयोजकांनी विषय दिलाय, ‘शिबिरानं मला काय दिलं’. बेळगावच्या उद्यमबागेत 35 वर्षं कास्टिंगच्या, म्हणजे साच्यात धातू ओतायच्या धंद्यात काढलेल्या माणसाला आधी हिशेब सुचतो, तेव्हा हिशेबापासूनच सुरू करतो. विपश्यनेच्या 10 दिवसांच्या शिबिराला फी नसते. शिबिर पुरं केलं आणि वाटलं, तर पुढच्यासाठी दान द्यायचं. बेळगावहून इगतपुरीपर्यंतचा प्रवास तेवढा आपला. पण फुकट आहे म्हणून गेलो असं समजू नका. मुलीनं माझ्या नावानं फॉर्म भरला होता. 10 दिवसांची शांतता मला मिळावी की घरच्यांना, ते तिनं सांगितलं नाही.

ही विपश्यना शिकवणाऱ्या गोयंका गुरुजींचं मला एक आवडलं. ब्रह्मदेशातले मोठे व्यापारी, अर्धशिशीनं हैराण झालेले. त्यांचे गुरू ऊ बा खिन हे तिथल्या सरकारचे अकाउंटंट जनरल. म्हणजे एक धंदेवाला, एक हिशेबनीस, आपल्याच जातकुळीतले! डोकेदुखी घालवायला येत असाल तर येऊ नका, असं गुरूंनी त्यांना आधी बजावलं होतं. तेच गोयंका 1969 साली भारतात आले आणि 1976 मध्ये इगतपुरीचं केंद्र उभं राहिलं.

पहाटे 4 ला घंटा. फोन जमा, वही-पेन जमा, शेजाऱ्याकडे बघायचंसुद्धा नाही. पहिले तीन दिवस नुसता श्वास बघायचा. नाकाखाली, वरच्या ओठावर, मिशी असते ना, तेवढ्याच जागेवर लक्ष. चौथ्या दिवसापासून डोक्यापासून पायापर्यंत शरीर न्याहाळायचं. मग दिवसातून तीनदा एक-एक तास हात-पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. गुडघे असे बोंबलतात की विचारू नका.

अशाच एका तासात मला एका पार्टीनं परत पाठवलेला माल आठवला. समोर कुणी नव्हतं, सगळीकडे शांत, आणि माझे कान तापले. अक्षरशः पाळीपासून वर. मग छाती आवळली. शिवी अजून तोंडात यायची होती. आयुष्यभर मला वाटायचं, राग समोरचा आणतो. इथं समोर होती फक्त भिंत.

(ज्यांचं मानसिक आजाराचं औषध चालू आहे, त्यांनी माझं ऐकून उठून शिबिराला जाऊ नका. डॉक्टरांना विचारा. फॉर्ममध्येही हे सगळं विचारतात.)

परत आल्यावर पंधरा दिवस मी घरात प्रवचनं दिली. चहा कसा प्यावा, जेवताना मन कुठं असावं. शेवटी बायको म्हणाली, “गप्प बसायला शिकायला गेला होता न्हवं?” सकाळ-संध्याकाळ एक-एक तास बसा असं सांगतात, माझी वीस मिनिटं होतात, तीही रोज नाही. सरकारी कार्यालयात नुसता कन्नड फॉर्म हातात पडला की अजून डोकं फिरतं. तो राग 1956 साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं तेव्हापासूनचा, वारशानं आलेला. त्याला 10 दिवस कुठले पुरणार!

आता कारखान्यातलं सांगतो. पावसाळ्यात व्हॉल्व्ह बॉडीचा एक लॉट रिजेक्ट झाला. वरून कास्टिंग गुळगुळीत, लेथवर चढवून कातलं की आत ब्लो होल. साच्याच्या वाळूत ओल जास्त राहिली की वाफ कोंडते, वाट मिळाली नाही की धातूत पोकळी करून बसते. मशिनिंगचे पैसे वर पाण्यात. आमचा मोल्डर, म्हणजे साचे भरणारा, कन्नड बोलणारा, वीस वर्षं माझ्याकडे. तो समोर उभा. माझे कान तापले. मला कळलं, तापलेत. मी तिथंच उभा राहिलो, श्वास बघत. अर्धं मिनिट झालं असेल.

तो घाबरला! वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. हळूच म्हणाला, “सावकार्र, आराम इल्लेन्री?” तब्येत बरी नाही काय?

मी म्हटलं, बरी आहे, साचे कधी भरले होते ते सांग. त्यानं खाली बघत सांगितलं. आदल्या दिवशी संध्याकाळी भरले, लाईट गेली, भट्टी बंद, साचे रात्रभर तसेच पडून. आणि कोपऱ्यातल्या पत्र्यातून पाणी ठिबकतंय. कधीपासून? दोन पावसाळे.

दोन पावसाळे! प्रत्येक रिजेक्शनला मी आरडाओरडा करायचो आणि तो “वाळू खराब आली” म्हणून मोकळा व्हायचा. खरं सांगून वर शिव्या कोण खाईल? त्या दिवसानंतर इतरही बोलायला लागले. काही गोष्टी ऐकवत नव्हत्या. पगाराचं तर नकोच बोलायला.

पत्रा दुसऱ्याच दिवशी बदलला. बिल आलं तेव्हा कान तापले होते, ते मात्र कबूल करतो.