आरओच्या मागच्या नळीतलं पाणी

आरओ मशीन सुरू झालं की मागच्या बारीक नळीतून मोरीत धार लागते. घरात फिशटँक असलेल्या माणसाला ती बघवत नाही. टाकीचं पाणी बदलायला बादल्या भरायच्या आणि शेजारी हे वाहून जाऊ द्यायचं! मला बरेच जण विचारतात, हे पाणी माशांना चालेल का? मी आधी विचारतो, मासे कोणते?

हे पाणी घाण असतं, हा समज आधी काढून टाकू. नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेले एकूण क्षार, ३०० धरा. मशीनमध्ये ४ लिटर गेलं, त्यातून २० टीडीएसचं १ लिटर पाणी प्यायला मिळालं. बाकीचे सगळे क्षार उरलेल्या ३ लिटरमध्ये. हिशोब केला तर टीडीएस ३९० च्या आसपास येतो. म्हणजे नळाच्याच पाण्यापेक्षा थोडं जड, इतकंच. पण मशीन निम्मंच पाणी सोडणारं असेल, तर तोच आकडा ५८० वर जातो. मशीन जितकं काटकसरी, तितकं त्याचं सांडपाणी जड. म्हणून शेजाऱ्याचा अनुभव आपल्या घरी लावू नका. बादलीत टीडीएस मीटर बुडवून बघा.

एक फायदा सहज लक्षात येत नाही. बहुतेक मशीनमध्ये मेम्ब्रेनच्या, म्हणजे क्षार अडवणाऱ्या पडद्याच्या, आधी कार्बन फिल्टर असतो, त्यामुळे मागच्या नळीतलं पाणीही क्लोरीन निघालेलं असतं. अर्थात कार्बन जुना झाला की हा भरवसा संपतो. क्लोरीन तपासायचे थेंब टाका. पिवळी छटा आली तर ते पाणी तसंच टाकीत घालू नका.

आता मासे. गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल यांना जड पाणी मानवतं. आफ्रिकेतल्या मलावी आणि टांगानिका सरोवरांतले सिक्लिड तर अशाच पाण्यातले. गोगलगाईंना शंखासाठी कॅल्शियम लागतं. व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पतीही त्यात जोमाने वाढते. डिस्कस, निऑन टेट्रा हे मऊ पाण्यातले जीव. त्यांच्या टाकीत हे पाणी घालूच नये, असं माझं ठाम मत आहे.

मीटर फक्त एकूण क्षार सांगतो. कोणते, ते सांगत नाही. मूळ पाण्यात नायट्रेट असेल तर तेही इथे वाढलेलं येतं, आणि तांबं असेल तर कोळंबीच्या जिवावर बेततं. म्हणून नायट्रेटची चाचणी वेगळी करा. शिवाय जड पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचा आकडा, सहसा चढा असतो. पीएच ७ वरून ८ वर गेला की अमोनियाचा विषारी भाग जवळपास दहापट होतो. अशा टाकीत उरलेलं खाणं कुजू देणं फार महागात पडतं.

माझ्याकडे एका उन्हाळ्यात मॉली मेल्या, त्या या कशानेच नाही. पाणी उडून पातळी खाली जायची आणि मी रोज तांब्याभर सांडपाणी वरून ओतायचो. उडतं ते नुसतं पाणी. क्षार टाकीतच राहतात. रोज थोडे नवे क्षार त्यात पडत होते. काचेवर, पाण्याच्या रेषेशी, नखाने खरवडावा लागेल असा पांढरा थर आला होता, तरी मला कळलं नाही. मग एके दिवशी निम्मी टाकी नळाच्या पाण्याने बदलली. क्षार एकदम उतरले आणि दुसऱ्या सकाळी तीन मॉली तळाशी पडलेल्या होत्या. तेव्हापासून उडालेल्या पाण्याची भर मी आरओच्या गोड्या पाण्यानेच घालतो. सांडपाणी फक्त पाणी बदलताना.

तुमची टाकी आधीपासून नळाच्या पाण्यावर असेल, तर सांडपाण्याच्या बादलीत रात्रभर एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडा, सकाळी पीएच आणि टीडीएस मोजा, आणि पहिले काही आठवडे टाकीच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त पाणी एका वेळी बदलू नका.