माजघरातली भेग

श्रोतेहो, नमस्कार. आज घरातल्या जमिनीविषयी बोलायचंय, जुन्या कोब्याविषयी. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी घातलेला, लाल रंग घोटून गुळगुळीत केलेला कोबा अजून पुष्कळ घरांत आहे आणि आता तो तडकू लागलाय. भेग दिसली की आपण गवंड्याला बोलावतो. तो सिमेंट कालवून फासतो आणि वर्षभरात भेग परत उघडते. म्हणून पहिलं सांगणं हे, की भेग आधी बघा, मग भरा.

केसासारख्या बारीक, जाळीसारख्या पसरलेल्या भेगा बहुधा कोबा वाळतानाच पडलेल्या असतात. मालात पाणी जास्त झालं, किंवा नंतर पाणी मारण्यात हयगय झाली, की त्या पडतात. त्यांची चिंता नको. पण भेगेची एक कड वर, दुसरी खाली असेल, चालताना पाय अडखळत असेल, तर कोब्याखालचा भराव हललाय असं समजा.

माझ्या आत्याचं घर सोलापूर जिल्ह्यात, जुन्या गावठाणात. शेताची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, म्हणून काळीवर बांधलेल्या घरांचे कोबे तडकतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. आत्याचं घर मात्र पांढरीवरचं, घट्ट जमिनीवरचं. तरी माजघरात भेग. मी गेलो तेव्हा ती म्हणाली, “आरं, तीन डाव भरली. पाऊस झाला की पुन्यांदा उघडती.”

भेग बघितली आणि मी चमकलो. ती सरळ नव्हती. धनुष्यासारखी वळलेली होती, न्हाणीच्या भिंतीपासून निघून पुन्हा त्याच भिंतीकडे जाणारी. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण केली, शेजारी तारीख लिहिली. मग काचेची एक पातळ पट्टी भेगेवर आडवी ठेवून तिची दोन्ही टोकं सिमेंटनं पक्की केली. दोन बाजू जराशा जरी सरकल्या, तरी काच तडकते. लक्षात ठेवा, टोकांना खूण, शेजारी तारीख आणि वर काच.

श्रावणात आत्याचा फोन आला. “काच मोडली रं.”

गेलो. पेन्सिलीच्या खुणेच्या पुढे भेग चांगली चार बोटं सरकली होती. हातोडीच्या लाकडी दांड्यानं कोबा ठोकत गेलो. भेगेच्या बाहेर टणक आवाज, आत भद्द, पोकळ. ठोकत ठोकत खडूनं रेघ मारली, तर जवळजवळ गोल झाला. आत्या उंबऱ्यात बसून बघत होती. गोल बघून उठलीच. “हितं पेव हुतं! मी नांदायला आले तवा ह्यातनं जोंधळा काढायची. कोबा घातला तवा मामांजींनी बुजवलं.”

जमिनीखालचं धान्याचं पेव, श्रोतेहो! बुजवताना राडारोडा आणि सैल माती नुसती लोटून दिलेली, चोपलेली नाही. त्यात न्हाणीचं सांडपाणी दरवर्षी झिरपत होतं आणि माती खाली बसत होती. कोबा फोडला तर खाली कमरेइतकी पोकळी. गवंडी वाकून बघायला गेला, तशी आत्या ओरडली, “मागं सर!” तिचं बरोबर होतं. पेवातल्या कोंडलेल्या हवेत माणूस गुदमरतो. जुनी माणसं आधी कंदील सोडत, तो विझला की आत उतरत नसत. आम्ही ते दोन दिवस उघडं ठेवलं.

मग आधी न्हाणीचा पाइप बदलला. पेवात मुरूम टाकला, वीतभर थर, पाणी, धुम्मसानं चोप, पुन्हा थर. वर दगडाचं सोलिंग, त्यावर काँक्रीट, त्यावर कोबा. दहा दिवस ओली गोणपाटं. हे दहा दिवस कुणालाच नको असतात. गवंड्याला पुढचं काम असतं, घरच्यांना घर लावायचं असतं. माझं मत विचाराल तर निम्म्या भेगा या घाईच्याच आहेत. आणि भेगा झाकायला वर चकचकीत टाइल्स बसवणं मला अजिबात पटत नाही. खालची जमीन हलतच राहते, आणि ओल्या टाइलवर घरातली म्हातारी माणसं घसरतात ते वेगळंच. उन्हाळ्यात दुपारी उघड्या कोब्यावर पाठ टेकण्याचं सुख टाइलला नाही.

भेग थांबलेली असेल, म्हणजे पावसाळा आणि उन्हाळा दोन्ही जाऊनही काच शाबूत असेल, तर काम सोपं आहे. छिन्नीनं भेग थोडी रुंद करा, धूळ पूर्ण काढा, जागा ओली करा, सिमेंटची पातळ रबडी लावा आणि एकास तीनचा, म्हणजे एक भाग सिमेंट आणि तीन भाग वाळूचा, माल दाबून भरा. चालू भेगेत मात्र हा कडक माल भरू नका, शेजारीच नवी भेग पडेल. आधी पाणी कुठून मुरतंय ते शोधा. आणि वरच्या मजल्याच्या स्लॅबला भेग असून खालून तांबूस डाग दिसत असतील, तर आतली सळई गंजतेय. ते गवंड्याचं काम नाही, इंजिनीअरलाच दाखवा.

आत्याच्या नव्या कोब्यावरही मी काचेची पट्टी बसवली होती. दोन पावसाळे ती तशीच राहिली. मग झाडताना केरसुणी अडकते म्हणून आत्यानंच ती खरवडून काढली.